प्रजातींच्या पानांना राखणदार हवेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑनलाइन जैवविविधता विश्वकोशांविषयी, म्हणजे प्रत्येक प्रजातीच्या माहितीचे एकेक पान असलेल्या संकेतस्थळांविषयी, वर्तमानपत्रांत काही छापून आले की मथळ्यात हमखास आकडा असतो. इतक्या लाख प्रजातींची पाने तयार, इतके हजार स्वयंसेवक कामाला लागले. मी गेली काही वर्षे फावल्या वेळात हेच काम करते आणि हे आकडे वाचून मला काळजी वाटते. पान तयार होणे वेगळे आणि ते भरवशाचे होणे वेगळे. या दोहोंच्या मधले काम हळू चालते, ते मोजता येत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बरण्यांतले नमुने सांभाळणे, फॉर्मॅलिन बदलणे, पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहिणे ही माझी रोजची कामे. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव नसेल, तर आतला प्राणी कितीही छान टिकलेला असो, अभ्यासकाच्या तो फारसा कामाचा नाही. प्रजातीच्या पानावरची ओळही मी तशीच वाचते. हे कोणी पाहिले? कुठे? केव्हा?

मुंग्यांचे थोर अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी २००३ मध्ये एका निबंधात कल्पना मांडली की पृथ्वीवरच्या प्रत्येक प्रजातीला इंटरनेटवर स्वतःचे एक पान असावे आणि ते कोणालाही फुकट वाचता यावे. त्यातून ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ लाइफ’ उभा राहिला. २००८ च्या फेब्रुवारीत सुमारे ३० हजार पानांनिशी तो खुला झाला, तेव्हा लोकांची एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोलमडले. शास्त्राने आजवर नावे दिलेल्या प्रजाती वीस लाखांच्या आसपास आहेत. इतक्या प्रजातींना पुरतील एवढे तज्ज्ञ जगात नाहीत. कीटकांच्या कित्येक कुळांचे जाणकार तर बोटांवर मोजण्याइतके. म्हणून बराचसा मजकूर यंत्रे गोळा करतात. संग्रहालयांच्या नोंदी, विकिपीडियाचे लेख, हौशी निरीक्षकांची छायाचित्रे असे सगळे एका पानावर येते. चूकही याच वाटेने येते आणि ती ओळखायला माणूसच लागतो.

दोन फुलपाखरांचे उदाहरण देते. डॅनॉस क्रिसिपस हे केशरी फुलपाखरू आफ्रिकेपासून आशियापर्यंत सगळीकडे दिसते. त्याच्या अळ्या रुईच्या कुळातल्या वनस्पती खातात, त्यातले विष अंगात साठते आणि पक्षी फुलपाखराला टाळतात. हायपोलिम्नास मिसिपस हे दुसरे फुलपाखरू विषारी नाही, पण त्याची मादी रंगरूपाने हुबेहूब पहिल्यासारखी असते. पक्ष्याला फसवायला घडलेले हे रूप कॅमेरावाल्यालाही फसवते. त्यामुळे एकाच्या पानावर दुसरीचे छायाचित्र चढते, तेच पुढे पोस्टरवर येते, मुलांच्या प्रकल्पात येते. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. मागचा पंख पाहावा. डॅनॉसच्या पंखावर मध्यभागाच्या आसपास तीन किंवा चार काळे ठिपके असतात, मादी मिसिपसच्या पंखाच्या वरच्या कडेशी एकच. ही खूण माहीत असलेली व्यक्ती तासाभरात अशी कितीतरी छायाचित्रे योग्य पानावर नेऊ शकते. त्या तासात नवे पान एकही होत नाही. माझ्या मते मात्र दिवसभरात केलेल्या पन्नास नव्या पानांपेक्षा तो तास मोलाचा.

मापांचेही तसेच. बेडकाची लांबी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, पाय धरत नाहीत. पाली-सरड्यांची शेपटी तुटते आणि पुन्हा उगवते, म्हणून तीही वेगळी मोजतात. पानावर नुसते ‘लांबी’ लिहून आकडा टाकला, तर तुलना करणारा विद्यार्थी चकतो. नकाशावर जंगलातला प्राणी गिनीच्या आखातात भर समुद्रात दिसला, तर समजावे की कोणीतरी अक्षांश-रेखांश न भरल्यामुळे यंत्राने दोन्हीकडे शून्य धरले आहे. असा ठिपका बाहेर काढायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही, नकाशाकडे नीट पाहावे लागते.

सर्वांत अवघड चूक म्हणजे संदर्भ नसलेली, पण खरी वाटणारी ओळ. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून लिहिले की याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असेही म्हणतात. कोआटी अमेरिका खंडांतला, रॅकूनच्या कुळातला. आर्डव्हार्क फक्त आफ्रिकेत राहतो, मुंग्या-वाळवी खातो आणि त्याच्या गणात, म्हणजे कुळाच्याही वरच्या गटात, आज दुसरी एकही प्रजाती उरलेली नाही. दोघांचा काही संबंध नाही. तरीही ती ओळ सहा वर्षे टिकली. वर्तमानपत्रांनी ती उचलली, एका विद्यापीठाने प्रकाशित केलेल्या पुस्तकात ती गेली आणि शेवटी त्याच लेखात त्या ओळीला आधार म्हणून वर्तमानपत्राचा दुवा जोडला गेला. संपादक महोदय, ही शेवटची गोष्ट मला फार अस्वस्थ करते. मूळ ओळ लिहिली जाताच एखाद्याने ‘हे कुठून घेतले?’ एवढेच विचारले असते, तरी पुढचे सगळे टळले असते. पानाचा इतिहास उघडून कालचा बदल पाहणारा स्वयंसेवक हेच विचारतो.

आकड्यांच्या मागे लागल्यावर काय होते तेही जगाने पाहिले आहे. स्वीडनच्या स्वेर्कर योहानसन यांच्या आपोआप लेख लिहिणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने प्रजातींच्या यादीवरून लाखो छोटे लेख तयार केले. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात आज साठ लाखांहून अधिक लेख आहेत, ते बहुतांशी याच पद्धतीने झालेले. त्यामागचा हेतू चांगला होता. निदान नाव आणि कुळ तरी मिळावे, ही गरज खरी आहे. पण नाव बदलले, एका प्रजातीच्या दोन झाल्या, यादीतच चूक निघाली, तर इतक्या लेखांकडे बघणार कोण? स्वीडिश विकिपीडियाने पुढे असे कित्येक लाख लेख काढून टाकले.

म्हणून नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांना मी एकच आग्रह करते. ज्याची खात्री नाही तो रकाना रिकामा सोडा. आहाराविषयी माहिती मिळाली नाही की जवळच्या प्रजातीचा आहार उचलून लिहिण्याचा मोह होतो. तो करू नये. रिकामा रकाना पाहून एखाद्या संशोधकाला कळते की इथे काम बाकी आहे. अंदाजाने भरलेला रकाना पाहून तो पुढे निघून जातो.

छायाचित्रे काढणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर तुम्ही चढवलेल्या छायाचित्राला आपोआप जो परवाना लागतो, त्यात व्यावसायिक वापराला मनाई असते. त्यामुळे विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रे पुरवणारे भांडार, ते घेऊ शकत नाही आणि विकिपीडियावरचे त्या प्रजातीचे पान चित्राविना राहते. तुमची हरकत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन, नाव देऊन कोणालाही वापरता येईल असा परवाना निवडा. दुर्मीळ किड्याचे एकमेव स्पष्ट छायाचित्र केवळ या कारणाने अडून पडलेले मी पाहिले आहे, तेव्हा फार हळहळ वाटली.

ज्यांना शास्त्रीय नावांची भीती वाटते त्यांनी आपण रोज पाहतो असा एखादा पक्षी, झाड किंवा कोळी निवडावा आणि त्याच्या पानाची जबाबदारी घ्यावी. पान ‘निरीक्षणसूची’त टाकले की त्यात कोणीही बदल केला तरी तो लगेच नजरेस पडतो. महिन्यातून अर्धा तास पुरतो. आणि तज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे की चूक दिसली तर वर्गात तिची खिल्ली उडवण्यापेक्षा चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या सूचनांच्या पानावर, दोन ओळी लिहा, सोबत शोधनिबंधाचा संदर्भ द्या. पुढचे आम्ही करू.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या पुरवणीत प्राणी-वनस्पतींविषयी लेख येतो, तेव्हा छायाचित्राखाली बऱ्याचदा फक्त ‘इंटरनेटवरून साभार’ असते. त्याऐवजी छायाचित्रकाराचे नाव, परवाना आणि ज्या पानावरून ते घेतले त्या पानाचे नाव छापावे. माहिती विश्वकोशातून घेतली असेल तर तेही लिहावे आणि तो लेख छापण्याआधी त्या ओळीखालचा संदर्भ उघडून पाहावा. संदर्भ सापडला नाही, तर ती ओळ छापू नये आणि त्या पानाच्या चर्चापानावर तसे कळवावे.

आपली,
प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतील एक सहायक