तक्रार: सर्व्हर वाढवायची पॉलिसी चाललीच नाही तरी तुमचा एपीआय 'सक्सेस' कसा सांगतो?

नमस्कार सपोर्ट टीम,

आमची नाटकांच्या तिकिटांची साइट आहे, दादर-पार्ल्यापासून ठाण्यापर्यंतचे प्रयोग असतात आणि सगळे सर्व्हर तुमच्या क्लाउडवर. दहाला बुकिंग उघडलं की सगळे एकदम तुटून पडतात. सीपीयू चढणार, मग अलार्म लागणार, मग नवीन सर्व्हर उठणार, तोवर साइट झोपलेली असते. सर्व्हर वाढवायची वेळ आधी लावून ठेवावी तर निर्माते आदल्या रात्री बुकिंगची वेळ बदलतात. म्हणून आम्ही थोडं आधी पायथन स्क्रिप्टमधून स्केल आउट पॉलिसी, म्हणजे सर्व्हर वाढवायचा ठरवून ठेवलेला नियम, तुमच्या एपीआयला कॉल करून स्वतः चालवतो. हा काही जुगाड नाहीये, तुमच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेला कॉल आहे.

रविवारचा लॉग बघा. ९:४३ ला लोड कमी दिसला म्हणून तुमच्या सिस्टिमने दोन सर्व्हर काढले आणि ३०० सेकंदांचा कूलडाऊन, म्हणजे पुढच्या बदलाआधी थांबायचा वेळ, सुरू झाला. ९:४५ ला आमचा कॉल आला, तुमचं उत्तर २०० ओके, स्टेटस सक्सेस, आणि प्रत्यक्षात एक सर्व्हर वाढला नाही! कूलडाऊनमध्ये आलेली रिक्वेस्ट सोडून देतात हे तुमच्या माणसाने दुपारी फोनवर सांगितलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर. अहो मग एरर द्या ना. एरर आली की थांबून परत कॉल करायचा हे आमच्या स्क्रिप्टमध्ये आहेच, पण सक्सेस मिळाल्यावर ती परत कशाला विचारेल? दहाला साइट बसली, लोकांचे यूपीआयवरून पैसे कट झाले पण तिकीट नाही, आणि चिडलेली माणसं थेट नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन भांडली. तिथल्या बुकिंग क्लार्कचा यात काय संबंध?

एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, एक्झिक्युट पॉलिसी कॉलमध्ये 'ऑनर कूलडाऊन' हा पर्याय आहे, साध्या पॉलिसीला कूलडाऊन पाळायचा की नाही ते ग्राहक ठरवतो, आणि 'स्केलिंग अ‍ॅक्टिव्हिटी इन प्रोग्रेस' अशी वेगळी एररही ठेवलीय. तुम्हाला एवढं जमायला काय हरकत आहे?

रिक्वेस्ट नाकारली तर स्पष्ट एरर आणि किती सेकंद उरलेत तो आकडा उत्तरात आलाच पाहिजे. रविवारचे पैसे बिलातून वजा करा. आणि 'पॉलिसी ऑटोमॅटिक आहे, हाताने चालवू नका' हे कॉपी-पेस्ट उत्तर कृपया परत पाठवू नका, येत्या रविवारी पुन्हा बुकिंग उघडतंय, त्याच्या आधी इंजिनिअरकडून लेखी उत्तर हवंय.