भाड्याच्या जागा सोडण्याची तारीख जाहीर करा

महोदय,

विखुरलेली सरकारी कार्यालये एका छताखाली आणायलाच हवीत. केंद्राची अनेक मंत्रालये भाड्याच्या जागेत असून त्यापायी वर्षाला सुमारे १५०० कोटी रुपये जातात, हे ऑगस्ट २०२५ मध्ये कर्तव्य भवनाच्या उद्घाटनावेळी खुद्द पंतप्रधानांनीच सांगितले. आपल्याकडे २०१२ च्या आगीनंतर मुंबईच्या मंत्रालयातले कितीतरी विभाग बाहेर गेले. पुढे राज्य सरकारने नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत १६०१ कोटींना घेण्याचे ठरवले, तेही जागेच्या टंचाईपायीच.

पण नवी इमारत मिळाली की भाडे आपोआप थांबत नाही. साहेबांचे दालन नव्या जागेत थाटले जाते आणि जुन्या जागेत कपाटे, दफ्तर आणि एखादा शिपाई तसाच राहिला, तर करार वाढतच जातो. म्हणून ज्या कार्यालयाला नवा मजला द्यायचा, त्याने भाड्याची जागा कोणत्या तारखेला सोडायची हे वाटपाच्या आदेशातच लिहिलेले असावे.

त्याआधी आहे ती जागा मोजावी. कोणत्याही जुन्या कचेरीच्या व्हरांड्यात पाहा: भिंतीला लागून कपाटांची रांग, त्यांवर छतापर्यंत रुमालात बांधलेले गठ्ठे, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. मधल्या चिंचोळ्या वाटेत लोक अर्ज घेऊन उभे. अभिलेखांचे वर्गीकरण फार पूर्वीच ठरलेले आहे. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ फक्त एक वर्ष. तरीही मुदत संपलेले कागद वर्षानुवर्षे पडून असतात, कारण ते नष्ट करण्याच्या आदेशावर सही करायला कोणी धजत नाही. मोडक्या खुर्च्याही जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे कार्यालयाच्या सामानाच्या यादीत, आहेत म्हणून जागा अडवून बसतात; त्यांचे निर्लेखन, म्हणजे यादीतून नाव कमी करणे, लांबते. हे एवढे नेमाने झाले तरी कित्येक ठिकाणी नव्या खोल्यांची मागणीच उरणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

कोणती कार्यालये शेजारी बसवायची, हे लोकांच्या कामावरून ठरवा. जमीन घेणाऱ्याला दस्तासाठी दुय्यम निबंधकाकडे, फेरफारासाठी तलाठ्याकडे आणि मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात जावे लागते. ही तिन्ही गावाच्या तीन टोकांना असली की कामाचा अख्खा दिवस जातो. ती एका मजल्यावर आली तर आवक-जावक, झेरॉक्स, बैठकीची खोली आणि जनित्रही एकच पुरेल.

मात्र स्वस्त जमीन मिळते म्हणून प्रशासकीय भवन गावाबाहेर माळावर नेऊ नये. एसटी स्थानकापासून चालत जाता येणार नसेल, तर सरकारचे वाचलेले भाडे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रिक्षाभाड्यातून वसूल होते. याला बचत कसे म्हणायचे?

प्रत्येक जिल्ह्यात किती कार्यालये खासगी जागेत आहेत, त्यांचे क्षेत्रफळ किती, भाडे किती आणि करार कधी संपतो, याची यादी सरकारने संकेतस्थळावर टाकावी. तसे होत नसेल तर आपल्या वृत्तपत्राने माहिती अधिकारात ती मागवून जिल्हावार छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक