डोळे अगदी शेवटी

फोंडा

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर दाखवलेला तुझ्या अ‍ॅनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड, म्हणजे चौकटी-चौकटींतली गोष्ट, रात्री पुन्हा पाहिला. चार चौकटी आणि त्यांना तीन दिवस. आजीच्या साडीचे काठ, समईची ज्योत, गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा एकेक घोस, सगळं सुरेख उतरलंय. पण गोष्ट अजून दारातच उभी आहे आणि सोमवारी तुला अख्खा बोर्ड दाखवायचाय, म्हणून लिहितोय.

गणपतीच्या चित्रशाळेत पहिल्यांदा एकट्याने मूर्ती करायला मिळाली, त्या वर्षी मी आधी चेहरा केला. सोंड, कान, मुकुटाचे मणी, सगळं कोरून झालं आणि मग दिसलं की बैठक डावीकडे कललीय. ती सरळ करायला गेलो तर ओली माती मानेपाशी फाटली. तुझ्या आजोबांनी काही न बोलता तो गोळा पुन्हा मळायला घेतला. तेव्हापासून आधी बैठक, पोट, मान, हातांचा कल. डोळे अगदी शेवटी, रंग झाल्यावर.

तूही तसंच कर. काड्यापेटीएवढ्या चिठ्ठ्या काप. माणसाला काडीचे हातपाय, डोक्याला गोल, कुणीकडे चाललाय त्याचा बाण. कॅमेरा जवळ जाणार असेल तर चौकटीत लहान चौकट. एक चिठ्ठी दोन मिनिटांत होत नसेल तर तिच्यात काहीतरी जास्तीचं घुसलंय असं समज. डिझ्नीच्या स्टुडिओत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रं अशी फळीवर टाचून लावायला लागले, ती याचसाठी. नको ते उपटता येतं, मागचं पुढे नेता येतं. वहीतलं देखणं पान फाडायला मात्र जीव होत नाही.

हिशेब बघ. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं, म्हणजे एका मिनिटाच्या फिल्मला ७२०. आजी अंगणातून चालत येते तो शॉट ५ सेकंदांचा, त्याला ६०. मला तो नकोच वाटतो. सुपारीचा घोस बांधताना तिचे हात थरथरतात आणि नात खाली स्टूल घट्ट धरते, तिथूनच सुरू कर ना! आज तो चालण्याचा शॉट गाळायचा म्हणजे एक चिठ्ठी उपटायची. नंतर कापलास तर ६० चित्रांची जागरणं वाया.

मग चिठ्ठ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ओळीने लाव, प्रत्येकीला सेकंद दे, संवाद तुझ्याच आवाजात बोल. तुमचं ते अ‍ॅनिमॅटिक. ते आईला दाखव, आधी काही न सांगता. ती जिथे "हे कोण गं?" विचारेल, तेवढीच चिठ्ठी नव्याने काढ.

शनिवारी पणजीहून येताना चिठ्ठ्या आणि टाचण्या आण. मूर्ती अजून ओल्या आहेत, रंगाला चार दिवस अवकाश आहे. तोवर चित्रशाळेतली मागची फळी तुझ्यासाठी रिकामी करून ठेवतो.

तुझे बाबा