अडगळीतली जाड टायरची सायकल भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या सोसायट्यांमध्ये तळमजल्यावरची अडगळ काढण्याची घाई सुरू होते, आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हापासून ही घाई अधिकच वाढली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतून गेलेल्या भंगाराच्या लारीवर मी तीन सायकली पाहिल्या. तिन्ही पोलादी फ्रेमच्या, जाड खडबडीत टायरच्या, पुढे शॉकअप नसलेल्या जुन्या माउंटन बाइक होत्या, आणि वरवरचा गंज सोडला तर एकीचीही फ्रेम वाकलेली नव्हती. किलोच्या भावाने गेलेली अशी सायकल थोड्या खर्चात रोज रस्त्यावर चालवण्याजोगी होते, हे मी स्वतः करून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझी सायकल त्या पुरात जवळजवळ दोन दिवस पाण्याखाली होती. चेनवर तेल सोडले की झाले, असे मला सांगण्यात आले. परंतु हब, म्हणजे चाकाचा मधला फिरता भाग, उघडून पाहिले तेव्हा आतले ग्रीस पाणी मिसळून दुधासारखे पांढरे झालेले होते. सीटची दांडी काढून, फ्रेम उलटी करून आत साचलेले पाणी ओतून टाकले, दोन्ही हबमधले आणि पॅडलच्या मधल्या आसातले छर्रे बदलले (पुढच्या हबला प्रत्येक बाजूस 10 आणि मागच्याला 9 लागतात) आणि नवे ग्रीस भरले. हे काम वेळखाऊ आहे, पण महागडे मुळीच नाही.

सर्वांत मोठा फरक पडतो तो टायरमुळे. माती-चिखलासाठी दिलेली उंच नक्षी डांबरावर नुसती घुरघुरते; तिची प्रत्येक गुठळी दबते, वाकते, पुन्हा सरळ होते आणि पायांची ताकद त्यातच खर्ची पडते. मी 26 × 1.95 चे टायर काढून 26 × 1.5 चे जवळजवळ गुळगुळीत टायर घातले, आणि त्यांत पुढे 45 व मागे 55 पौंड हवा ठेवतो. खरेदी करताना एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. आपल्याकडच्या अनेक लेडीज सायकलींच्या टायरवरही 26 हाच आकडा असतो, पण तिथे तो 26 × 1 3/8 असा अपूर्णांकात लिहिलेला असतो. तो टायर 590 मिलिमीटर व्यासाच्या रिमचा असल्यामुळे या चाकावर बसत नाही. आपल्याला हवे ते माप 559 चे, आणि ते टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत 40-559 असे (आधी रुंदी, मग रिमचा व्यास) छापलेले असते.

गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर घसरतील, अशी भीती मला पुष्कळांनी घातली. पक्क्या रस्त्यावर पकड असते ती जमिनीला टेकलेल्या रबराची, नक्षीची नव्हे, आणि सायकलच्या अरुंद, गोल टायरखालचे पाणी तिच्या वेगात सहज बाजूला सरते. गाळाची गोष्ट वेगळी. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर गाळ राहतो, तिथे मी उतरून सायकल हातात धरूनच नेतो.

दुकानात दोन सल्ले हमखास मिळतात, आणि दोन्ही मला चुकीचे वाटतात. पहिला, पुढे शॉकअप बसवण्याचा. स्वस्त शॉकअप जड असतो आणि जोर लावून पॅडल मारताना प्रत्येक वेळी खाली-वर होतो. बडोद्याच्या सपाट रस्त्यांवरचे खड्डे सोसायला दीड इंची टायर आणि पुढचे चाक धरणारा साधा पोलादी चिमटा पुरेसे आहेत. दुसरा सल्ला, मोठी बारीक 700सी चाके घालण्याचा. त्या चाकांच्या रिमचा व्यास 622 आहे, म्हणजे रिमची कडा सुमारे 31 मिलिमीटर वर सरकते आणि जुन्या ब्रेकचे रबर तिच्यावर टेकतच नाही.

सीटकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. सीटवर बसून पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच असावी. मात्र सीटच्या किंवा हँडलच्या दांडीवर कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसता कामा नये. गिअर मी बदलले नाहीत. पुढे 42 आणि मागे 14 दात असले की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 6 मीटर जाते, म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्यांत ताशी 21 किलोमीटरांहून थोडा अधिक वेग मिळतो. मांजलपूरहून लालबागचा उड्डाणपूल ओलांडून सयाजीगंजला रोज जाण्यासाठी याहून अधिक वेग मला कधीच लागला नाही. या फ्रेमना मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोके बहुधा आधीपासूनच असतात, त्यामुळे चिखल अंगावर उडत नाही आणि पाठीवरची पिशवी कॅरिअरवर जाते.

शहरातल्या सायकल विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, 559 मापाचे दीड आणि पावणेदोन इंची गुळगुळीत टायर त्यांनी दोन-चार जोड तरी दुकानात ठेवावेत. मला माझी जोडी मिळेपर्यंत तीन आठवडे थांबावे लागले, आणि एवढे दिवस थांबण्याची तयारी प्रत्येकाची नसते.

आपला,
एक वाचक, मांजलपूर, वडोदरा