भाव छापायचेच तर नोंदणीचे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शनिवारच्या प्रॉपर्टी पुरवणीत तक्ता येतो ना, कुठल्या एरियात स्क्वेअर फुटाला काय भाव चाललाय त्याचा, तो मी गेली दोन वर्षं कापून फाईलला लावत होते. मागच्या महिन्यात सगळी कात्रणं रद्दीत घातली. का ते सांगते, जरा लांबेल.

मिस्टर रिटायर झाले, पीएफ-ग्रॅच्युइटी आली, गावच्या जमिनीचा हिस्साही त्याच सुमाराला मिळाला आणि घरात रोज एकच विषय, एखादा फ्लॅट घेऊन टाकू, भाडं येत राहील. एवढ्या पैशात मुंबईत मनासारखं काही येत नाही, मग भांडुपमधले आमच्या ओळखीचे अर्धे लोक करतात तेच आम्ही केलं, नाशिक बघायला लागलो. म्हणजे बघायला लागलो मोबाईलवर. पाथर्डी फाट्याकडचा एक टू बीएचके, रिसेल, नऊ वर्षं जुनी बिल्डिंग, एजंटने व्हिडिओ पाठवला, फर्निचर चकाचक, मागे गाणं लावलेलं. मागणी ४६ लाख. "मॅडम ८५० फूट आहे, ५,४०० नी पडतोय, पेपरात बघा, एरियाचा रेट ५,५०० आहे." मी पेपर बघितला, खरंच ५,५०० होता. स्वस्तात मिळतोय म्हणून मी त्या दिवशी शिरा केला, खोटं कशाला सांगू.

ते ८५० फूट सुपर बिल्टअप होतं, म्हणजे भिंती आणि जिना-लिफ्टचा वाटा सगळं धरून. मालकाच्या जुन्या अ‍ॅग्रीमेंटची कॉपी मागितली (चार वेळा मागावी लागली) तर कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, निघालं ५४५. आता ४६ लाखाला ५४५ ने भागा, ८,४०० च्या वर जातो. रेरा, म्हणजे घरखरेदीचा नवा कायदा, आल्यापासून नव्या प्रोजेक्टमध्ये कार्पेटवरच विकावं लागतं पण रिसेलचे एजंट अजून जुन्याच फुटात बोलतात, आणि तुमच्या तक्त्यातला फूट कुठला हे तक्त्याखाली कुठेच लिहिलेलं नसतं. भाव तरी कुणाचा? विकणारा मागतो तो. मागायला काय, कुणी काहीही मागेल.

खरा भाव सरकारकडे आहे. प्रत्येक खरेदीखत नोंदवलं की त्याचा इंडेक्स टू नावाचा गोषवारा निघतो, त्यात रक्कम, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं, आणि नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्चमध्ये तो कुणालाही फुकट बघता येतो. फक्त तिथे बिल्डिंगचं नाव टाकून भागत नाही, जिल्हा, तालुका, मौजे, सर्व्हे नंबर, वर्ष असं सगळं लागतं, कॅप्चा दोनदा चुकतो, मग पान अडकतं. मला तीन संध्याकाळी लागल्या, सर्व्हे नंबर त्या अ‍ॅग्रीमेंटमधूनच मिळाला. पण मिळालं ते सोनं. त्याच बिल्डिंगमधला, तेवढ्याच कार्पेटचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट पाच महिन्यांपूर्वी ३८ लाखाला गेलेला. आणि २०१९ ला तिथलाच एक ३४ ला. म्हणजे पाच-सहा वर्षांत वाढ चार लाख, आणि एजंट म्हणतो दर वर्षी दहा टक्के.

मला माहितीये, कोणीतरी म्हणेल की ब्लॅक वेगळं देतात, नोंदणीत आकडा कमी दाखवतात. दाखवतात काही जण. पण तो वरचा फ्लॅट बँकेचं लोन काढून घेतला होता, आणि लोन जास्त हवं असताना आकडा मुद्दाम कमी कोण दाखवेल?

मग एका रविवारी तपोवन एक्सप्रेस पकडून आम्ही दोघं गेलो. न सांगता. बिल्डिंग बरी होती, जिने स्वच्छ. खालच्या मजल्यावर अंबडच्या एमआयडीसीतली पोरं भाड्याने राहतात, त्यांना विचारलं भाडं किती, तर साडेनऊ हजार. एजंट तेरा सांगत होता. मग शेजारच्या काकूंनी गॅलरीत नेलं आणि तिथून दिसलं की मागची भिंत सरळ लॉन्सची आहे. लग्न चालू होतं. स्पीकर इतका जवळ की "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन लवकर यावं" हे मला बेडरूममध्ये उभं राहून ऐकू आलं, मामा काही येईनात, भटजी तीनदा ओरडले. काकू म्हणाल्या सीझनमध्ये रात्री डीजे पण असतो. व्हिडिओत खिडक्या बंद आणि गाणं का लावलेलं ते तेव्हा कळलं.

परत येताना ट्रेनमध्येच हिशोब केला. साडेनऊ हजाराने वर्षाचे १ लाख १४ हजार, त्यातून मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी पाचेक हजार, एक महिना रिकामा धरला तर अजून साडेनऊ, हातात राहिले ८१ हजार ५००. आणि लावायचे किती, तर ४६ लाख अधिक स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, दलाली मिळून पन्नासच्या आसपास. दोन टक्केसुद्धा पडत नाहीत. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर म्हणे भाडेकरू ठेवला तर मेंटेनन्स डबल. त्यांना सांगितलं की नॉन ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ती जादा रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा जीआर आहे, तर "मी बघून सांगतो" म्हणाले ते अजून बघतायत.

मी ३७ ची ऑफर दिली. वरचा ३८ ला गेला तो रस्त्याच्या बाजूचा, हा लॉन्सच्या बाजूचा, मग ह्याला त्याच्यापेक्षा जास्त का द्यायचे? एजंटला इंडेक्स टूचा स्क्रीनशॉट पाठवला तर आधी म्हणाला हे कुठून काढलं, मग म्हणाला दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीये, तुम्ही आज ५१ हजार टाका. नाही टाकले. मालक ४३ वर अडला आणि आम्ही सोडून दिलं. मिस्टर आठवडाभर गप्प होते.

तर म्हणणं एवढंच की पेपरात बसलेल्या तुमच्या माणसांना तो ई-सर्च रोज उघडता येतो, तेव्हा मागणीचे भाव छापण्यापेक्षा दर शनिवारी दोन-तीन एरियातले नोंदणी झालेले पाच-दहा व्यवहार छापा, कार्पेट फुटात, नावं गाळून. लांबून घर घेणाऱ्याला घासाघीस करायला दुसरं काय असतं हातात? नव्या प्रोजेक्टचंही तेच. "शेवटचे दोनच फ्लॅट" अशी जाहिरात असते, पण किती बुक झाले ते बिल्डरला दर तिमाहीला महारेराच्या, म्हणजे रेराच्या राज्यातल्या ऑफिसच्या, साईटवर टाकावं लागतं, मी बघितलं तेव्हा एका ठिकाणी निम्म्याहून जास्त रिकामे होते. जाहिरातीवर क्यूआर कोड २०२३ पासून सक्तीचा आहे, पण तुमच्या पानावर तो इतका बारीक येतो की माझ्या मोबाईलला पकडता येत नाही. जाहिरातदाराला तेवढं मोठं करायला सांगा.

त्या एजंटचा परवा परत मेसेज आलाय, मालक ४१ ला तयार आहे, नवीन व्हिडिओ पाठवू का. पाठवा म्हटलं, रविवारी संध्याकाळचा, खिडकी उघडी ठेवून. अजून आला नाहीये.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व)