ओल्या लाकडाची घाई नको

महोदय,

धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) बाभूळ, कडुनिंब विकत घेतलेल्या लाकडाइतकीच कामाची आहे. वाया जाते ती घाईमुळे. तोडण्याआधी परवानगी लागते का, ते विचारून घ्यावं. खोड आठवडाभरात आरागिरणीवर न्यावं, पण त्याआधी दोन्ही टोकांना जाड ऑइल पेंट फासावा. टोकांतून पाणी सगळ्यात लवकर उडतं, म्हणून चिरा तिथूनच पडतात.

फळ्या मापापेक्षा दोन सूत (पाव इंच) जाड काढाव्यात; सुकताना लाकूड आटतं. खोडाच्या अगदी मधोमधचा बारीक गर फळीत ठेवू नये, तो हमखास तडकतो. बाभळीचं बाहेरचं पांढरं लाकूड तर काढूनच टाकावं. त्यात पिठूळ अंश असतो, किडा लागतो आणि फळीखाली मैद्यासारखा भुसा पडतो.

फळ्यांचे थर सावलीत, जमिनीपासून फूटभर वर रचावेत. दोन थरांच्या मध्ये दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या लाकडी पट्ट्या, एकावर एक सरळ रेषेत. रेषा चुकली की फळी वाकते. वर दगडांचं वजन. वैशाखाच्या उन्हात फळ्या टाकू नयेत. इंचाच्या फळीला साधारण वर्ष लागतं. एक तुकडा दर पंधरवड्याला तोलावा. उन्हाळ्यात लागोपाठ दोनदा वजन तेवढंच भरलं, की सुताराला बोलवावं.

– एक सुतार, जि. यवतमाळ