पुस्तकं फाटू द्या, शिवून मी देतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका पालकांचं पत्र वाचलं. जादूचे, राक्षसांचे, उडत्या झाडूंचे सिनेमे बघून मुलं पुस्तकाकडे फिरकेनाशी झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांची काळजी खरी आहे, पण दोष चुकीच्या ठिकाणी दिला जातोय, म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात मोती चौकाजवळच्या बोळात ३६ वर्षं पुस्तकबांधणी करतो. शाळांची आणि वाचनालयांची फाटकी पुस्तकं गठ्ठ्याने येतात. कुठलं पुस्तक किती वाचलं गेलं, हे मला रजिस्टर न बघता कळतं. न वाचलेलं पुस्तक बाहेरून खराब होतं, वर धूळ बसते, कडेने कसर लागते. वाचलेलं पुस्तक आतून जातं. पहिला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगा, सुटतो, पानांचे खालचे कोपरे काळे आणि मऊ होतात, कणा मधोमध मोडतो. आणि मी पाहत आलोय की ज्या पुस्तकावर सिनेमा निघाला, ते माझ्याकडे लवकर परत येतं.

'हॅरी पॉटर आणि परीस' या मराठी अनुवादाची एका वाचनालयाची प्रत मी तीनदा बांधली आहे. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ चं, त्यावरचा सिनेमा २००१ चा. तिसऱ्या वेळी पानं सुटी करताना शेवटाकडच्या एका पानाच्या समासात पेन्सिलीने काढलेल्या सात बाटल्या दिसल्या. लहान, मोठी, बुटकी, अशा ओळीने. प्रत्येकीखाली आकडा आणि दोन-तीन बाटल्यांवर फुली. मी थांबून ते पान वाचलं. त्यात एक कोडं आहे. सात बाटल्यांपैकी तिघींत विष, दोघींत साधी दारू, एक पुढे नेणारी आणि एक मागे आणणारी. कुठली कुठे, ते चार खुणांवरून ताडायचं. हॅरीची मैत्रीण हर्मायनी ते डोकं चालवून सोडवते, जादू न वापरता. सिनेमात हे कोडं नाहीच. म्हणजे साताऱ्यातलं कुणीतरी पोर सिनेमा बघून पुस्तकापाशी आलं असेल, सिनेमात नसलेल्या पानावर थांबलं आणि पेन्सिल घेऊन बसलं. पान बांधणीत घेताना समास कापावा लागतो. त्या पानापुरता मी कापला नाही, बाटल्या तशाच राहू दिल्या.

आता मला जे सलतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शाळेने ४२ पुस्तकं बांधायला दिली. सगळी गोष्टींची, त्यात हॅरी पॉटरही होता. आजकालची बरीच पुस्तकं नुसत्या गोंदावर चिकटवलेली असतात, उघडली की पानं हातात येतात. जी फर्म्यांची होती त्यांना मी जुजबंदी केली, म्हणजे फर्मे दोऱ्याने एकमेकांना शिवले, बाकीची बाजूने भोकं पाडून शिवली. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं, शिकंज्यात म्हणजे दाबायच्या यंत्रात दोन रात्री ठेवली, कण्यावर नावं स्वतःच्या हाताने लिहिली. पुढच्या जूनमध्ये हजेरीपुस्तकं न्यायला त्या शाळेत गेलो, तर ती ४२ पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात. एक मागून घेतलं आणि उघडलं. नव्या बांधणीचं पुस्तक पहिल्यांदा उघडताना कण्यातून कट्ट असा आवाज येतो. तो आवाज आला. आठ महिन्यांत ते कुणीच उघडलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलं फाडतात हो, आत्ताच खर्च केलाय."

त्याच दिवशी दुपारी शाळेत मुलांना पडद्यावर पहिला हॅरी पॉटर दाखवला. मी व्हरांड्यात हजेरीपुस्तकं मोजत होतो. सिनेमा सुटला, मुलं पट्ट्या आणि काड्या हातात घेऊन एकमेकांवर मंत्र टाकत मैदानात पळाली. सहावीतली असेल अशी एक मुलगी मात्र कपाटापाशी थांबली, काचेला नाक लावून मी लिहिलेली नावं वाचत. मला म्हणाली, "काका, हे त्याच पिक्चरचं पुस्तक आहे का? परीस म्हणजे लोखंडाचं सोनं करतो तोच ना?" मी हो म्हणालो. तिने कुलूप हलवून पाहिलं आणि गेली.

त्या मुलीला पुस्तकापासून सिनेमाने तोडलं का? सिनेमाने तर तिला कपाटापर्यंत आणून उभं केलं होतं. पुढची दोन बोटं आपण मोठी माणसं कमी पडलो.

सिनेमा पुस्तकाला पुरा पडतो असं माझं म्हणणं नाही. हॅरीच्या ७ पुस्तकांचे ८ सिनेमे झाले, शेवटच्या पुस्तकाचे दोन करावे लागले, तरी बाटल्या राहिल्याच. माझी धाकटी मुलगी पुण्यात जर्मन शिकते. तिने जर्मन लेखक मिषाएल एंडे यांचं 'न संपणारी गोष्ट' हे १९७९ चं पुस्तक मला मूळ रूपात दाखवायला आणलं. एक मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक पळवतो, शाळेच्या माळ्यावर लपून वाचतो आणि वाचता वाचता त्या गोष्टीत शिरतो. आपल्या जगाचा मजकूर लाल शाईत आणि गोष्टीतल्या जगाचा हिरव्या शाईत छापलाय. मी पानं उलटत तासभर बसलो होतो, अक्षर कळत नसतानाही. दोन रंगांत अख्खं पुस्तक छापायचं म्हणजे काय काम असतं, ते छापखान्यातल्या माणसाला विचारा. १९८४ साली त्यावर सिनेमा निघाला, तो साधारण निम्म्या पुस्तकापाशी थांबतो. तो एंडेंना इतका खटकला की त्यांनी सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीतून आपलं नाव काढायला लावलं. लेखकाचा राग मला समजतो. तरी मुलीच्या वर्गातली निम्मी पोरं तो सिनेमा बघूनच त्या पुस्तकाकडे आली, असं ती सांगते.

बंगाल्यांनी पुस्तक की सिनेमा हे भांडण ठेवलंच नाही. सत्यजित राय यांनी १९६९ साली 'गुपी गाइन बाघा बाइन' हा सिनेमा केला, तो आजोबांच्या, उपेंद्रकिशोरांच्या गोष्टीवरून. आजोबा स्वतः छापखानेवाले, चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे ठसे, करण्यात वाकबगार. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक काढलं. ते पुढे बंद पडलेलं मासिक नातवाने सिनेमे करता करता पुन्हा सुरू केलं. त्यात तो लिहायचा, चित्रंही काढायचा. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर २०१७ मध्ये सिनेमा आला. त्यात फेणे मोठा झालेला. पुस्तकातला शाळकरी, फुरसुंगीचा फेणे ज्यांना ठाऊक नव्हता, त्या मुलांना तो पुस्तकातच भेटणार. सिनेमा आला तेव्हा माझ्याकडे फेणेचे जुने संच बांधायला आले, आणि तेही आतून फाटलेले.

आपल्याच जिल्ह्यात पाचगणी ओलांडून महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार आहे. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या, कुणीही जावं आणि बसून वाचावं. नातवाला घेऊन गेलो होतो. तिथे कपाटांपुढे मुलं मांडी घालून बसली होती, कुणी हटकत नव्हतं. भिलारचे शेतकरी परक्याच्या पोराला घरात घेऊन पुस्तक हातात देतात, मग शाळेला स्वतःच्या मुलांना ते का देता येऊ नये?

साताऱ्यातल्या शाळांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे. सुट्टीत मुलांना असे सिनेमे जरूर दाखवा. दाखवाल त्या दिवशी त्या सिनेमाचं पुस्तक मराठीत, एकापेक्षा जास्त प्रतींत, टेबलावर उघडं ठेवा आणि घरी नेऊ द्या. फाटेल याची धास्ती धरू नका. या सुट्टीपासून असं करणाऱ्या कुठल्याही शाळेची मुलांची पुस्तकं मी मजुरी न घेता बांधून देईन, पुठ्ठा आणि कापडाचे पैसे तेवढे द्यावेत. दुकान रविवार सोडून रोज उघडं असतं. पानं सुटी झाली असतील तर फेकू नका, चिकटपट्टीही लावू नका, ती काढताना अक्षरं जातात. सुटी पानं पुस्तकातच ठेवून दोरीने बांधून आणा.

आपला,
पुस्तकबांधणी करणारा एक कारागीर,
मोती चौक परिसर, सातारा